किती जोरात टाकतो?

आमच्या पिंपळगाव राजात, किंवा खामगाव तालुक्यातल्या कुठल्याही गावात, एखादा पोरगा चांगली बॉलिंग टाकतो असं कुणाला सांगून पाहा. समोरचा पहिला प्रश्न हाच विचारणार, "किती जोरात टाकतो?" कुठे टाकतो, हे कुणीही विचारत नाही. आठव्या षटकात कसा टाकतो, चौकार बसल्यावर पुढचा चेंडू कुठे टाकतो, हे विचारणं तर लांबच राहिलं. आपल्याकडे वेगवान गोलंदाज म्हणजे एक आकडा. १३०, १३५, १४०... जणू काही दुधाची फॅट लावायचं यंत्र!

आणि दुःख याचं, की हा प्रश्न फक्त पारावर बसलेले लोक विचारत नाहीत. निवड चाचणीला खुर्ची टाकून बसलेले जाणकारही हाच विचारतात. आजचा लेख त्यांच्यासाठी आहे. त्यांच्यातलं कुणी हा ब्लॉग वाचत असेल याची शक्यता कमीच, पण लिहायला काय जातं?

आधी चाचणी कशी होते ते सांगतो, कारण शहरातल्या वाचकांना कदाचित ठाऊक नसेल. भर उन्हाळा. एक नेट, फार तर दोन. बाहेर दोन-अडीचशे पोरांची रांग. प्रत्येकाला सहा चेंडू, फार तर बारा. अंग गरम करायला जागा नाही, कारण मैदानाच्या कडेला पण रांगच आहे. पोरगा पहाटेच्या एसटीनं आलेला, पोटात वडापाव, पायात मित्राचे स्पाइक्स. नंबर पुकारला की धावत यायचं, जीव खाऊन सहा चेंडू टाकायचे आणि बाजूला व्हायचं. समोर कुणी फलंदाज असेल तर असेल, नाहीतर रिकामे स्टम्प. हल्ली काही ठिकाणी स्पीड गनही असते. मग तर विचारूच नका, सगळ्यांचे डोळे चेंडूवर नाहीत, त्या आकड्यावर!

आता मला सांगा, या सहा चेंडूंतून काय कळतं? एवढंच कळतं की हा पोरगा ताज्या दमात, एकदाच, किती जोरानं हात फिरवू शकतो. ही माहिती निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. पण ती गोलंदाजीची माहिती नाही, खांद्याची माहिती आहे.

यावर एक ठरलेलं उत्तर मिळतं. ते मी इतक्या वेळा ऐकलंय की पाठ झालंय : "वेग शिकवता येत नाही हो, दिशा आणि टप्पा शिकवता येतो. म्हणून आम्ही वेग घेतो, बाकीचं नंतर बघू." ऐकायला फार शहाणपणाचं वाटतं. आणि पुढे लगेच उमेश यादवचं नाव येतं. वलनीच्या कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा, टेनिस बॉलवर खेळणारा, सीझन बॉल उशिरा हातात आलेला; केवळ वेगाच्या जोरावर विदर्भाकडून भारतापर्यंत पोहोचलाच ना?

पोहोचला. त्याच्याबद्दल मला अपार आदर आहे. विदर्भातल्या खेड्यापाड्यातल्या पोरांना "आपणही" असं वाटायला लावणारा पहिला वेगवान गोलंदाज तो. पण त्याच्या गोष्टीतला सोयीचा तेवढाच भाग सांगितला जातो. उमेशला सहा चेंडूंवर भारताच्या संघात घेतलं नाही. विदर्भाचा तेव्हाचा कर्णधार प्रीतम गंधे याने त्याच्यावर विश्वास टाकला, त्याला २००८ च्या नोव्हेंबरात रणजीत खेळवलं, आणि मग तो सामन्यामागून सामने टाकत राहिला. पहिल्या मोसमात ४ सामन्यांत २० बळी. कसोटीचं तोंड त्याने पाहिलं ते २०११ च्या नोव्हेंबरात, म्हणजे तीन वर्षांनी. आणि तरीही पुढे कितीतरी वर्षं त्याच्यावर एकच टीका होत राहिली, की चार चेंडू अप्रतिम आणि दोन पायावर. ५७ कसोटी आणि १७० बळी घेणाऱ्या माणसाला जर नियंत्रणाचा हिशोब शेवटपर्यंत द्यावा लागला, तर "बाकीचं नंतर बघू" हे वाक्य किती हलकं आहे याचा विचार करा. नंतर कोण बघणार? कुठे? उमेशला गंधे भेटला. नांदुऱ्याच्या आणि मोताळ्याच्या पोराला कोण भेटणार आहे?

याच विदर्भाचं दुसरं उदाहरण मात्र कुणी देत नाही. रणजी करंडक पहिल्यांदा आपल्याकडे आला तो २०१७-१८ च्या मोसमात. कुणाच्या जिवावर? रजनीश गुरबानी. इंजिनिअरिंग शिकलेला मुलगा, वेगासाठी त्याचं नाव कुणी घेत नव्हतं. उपांत्य सामन्यात कोलकात्याला कर्नाटकविरुद्ध १२ बळी, आणि विदर्भ जिंकला फक्त ५ धावांनी. अंतिम सामन्यात इंदूरला दिल्लीविरुद्ध हॅट्ट्रिक. रणजीच्या अंतिम सामन्यात त्याआधी अशी हॅट्ट्रिक एकदाच झाली होती, तीही १९७२-७३ मध्ये. (त्याच अंतिम सामन्यात आपल्या शेजारच्या अकोल्याच्या आदित्य ठाकरेनं पदार्पण केलं. अकोला म्हणजे आम्हाला घरचंच!) गुरबानीची ती गोलंदाजी आठवून पाहा. चेंडू पुढे पडतोय, उशिरा वळतोय, पुन्हा तिथेच पडतोय, पुन्हा वळतोय. "वेग नंतर बघू" असं त्याला कुणी म्हटलं असतं का? सहा चेंडूंच्या रांगेत तो उभा असता तर त्याचं काय झालं असतं?

आता थोडं लांब जाऊ. हा रोग फक्त आपला नाही. अमेरिकेत बेसबॉल नावाचा जो खेळ आहे, तिथे तो आपल्याआधी पोहोचला. पोलिसांकडे गाड्यांचा वेग मोजायला जे रडार असतं, ते पिचरवर रोखायची कल्पना १९७० च्या दशकात डॅनी लिटव्हायलर नावाच्या विद्यापीठातल्या प्रशिक्षकाला सुचली. पुढे प्रत्येक स्काउटच्या हातात ते यंत्र आलं, आणि पिचर म्हणजे आकडा झाला.

पण तिथे एक गोष्ट अशी आहे जी आपण उचलायला हवी होती आणि उचलली नाही. ती म्हणजे 'स्प्रिंग ट्रेनिंग'. फेब्रुवारीच्या मध्याला सगळे ३० व्यावसायिक संघ गरम हवेत जातात, १५ फ्लोरिडात आणि १५ ॲरिझोनात. सगळ्यांत आधी बोलावतात ते पिचर आणि कॅचर यांना. महिना-दीड महिना सराव आणि सराव सामने, ज्यांचा निकाल कुठल्याही तक्त्यात धरला जात नाही. पिचर पहिल्या सामन्यात एखादाच डाव टाकतो, मग दोन, मग तीन, असं करत करत हात तयार करतात. पहिल्याच दिवशी कुणी सगळा जोर लावला तर त्याचं कौतुक होत नाही, उलट प्रशिक्षकाच्या कपाळावर आठी येते. धावा किती दिल्या याकडेही जाणता माणूस फारसं बघत नाही, कारण पिचर कदाचित एकच चेंडू घोटवून पाहत असेल आणि समोरचा फलंदाजही अजून झोपेतच असेल.

मग बघतात काय? कॅचरचा हातमोजा! पिचरने चेंडू टाकायच्या आधी कॅचर मोजा एका जागी धरतो. चेंडू आला तेव्हा तो मोजा हलला का? किती हलला? पहिल्या दहा चेंडूंत हलला नाही, पण पंचविसाव्यानंतर हलायला लागला का? बस्स. एका दृष्टिक्षेपात नियंत्रणही कळतं आणि तयारीही कळते, यंत्राची गरज नाही. आपल्याकडे हेच काम विकेटकीपर करू शकतो. पण चाचणीच्या वेळी कीपरला कुणी विचारलेलं मी आजवर पाहिलेलं नाही.

याच स्प्रिंग ट्रेनिंगमधली एक गोष्ट सँडी कोफॅक्स या डावखुऱ्या पिचरची आहे. प्रचंड वेग. डॉजर्स संघाने १९ व्या वर्षीच त्याच्याशी करार केला, आणि तेव्हाच्या नियमामुळे त्याला खालच्या संघात शिकायला पाठवताच येईना. सहा वर्षं गेली. ३६ सामने जिंकले, ४० हरले. १९६० मध्ये १७५ डावांत त्याने १०० फलंदाजांना फुकट पहिल्या बेसवर पाठवलं, म्हणजे निशाणाच नाही. मग १९६१ च्या वसंतात एका सराव सामन्यात नॉर्म शेरी या कॅचरने त्याला सांगितलं, की बाबा रे, एवढा जोर लावू नकोस, थोडं सैल सोड. त्याने ऐकलं. त्या वर्षी आदल्या वर्षापेक्षा ८० डाव जास्त टाकूनही फुकट सोडलेले फलंदाज ९६ च, आणि २६९ फलंदाज बाद! पुढे तो त्या खेळातल्या सर्वश्रेष्ठांपैकी एक गणला गेला. वेग होताच. पण सहा वर्षं तो वेगच त्याच्या आड आला होता. आणि हे सांगितलं कुणी? कॅचरनं. यंत्रानं नाही.

बेसबॉलचा आणि आपला एक थेट धागाही आहे. २००८ मध्ये भारतात 'मिलियन डॉलर आर्म' नावाची एक स्पर्धा झाली. ज्यांनी कधी बेसबॉल हातातही धरला नाही अशा पोरांमधून पिचर शोधायचा! उत्तर प्रदेशातली दोन भालाफेकपटू पोरं, रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, निवडली गेली, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात पिट्सबर्ग पायरेट्सने त्यांच्याशी करार केला. (यावर २०१४ मध्ये सिनेमाही आला.) लोकांना यातला ताशी ८७ मैलांचा आकडा तेवढा आठवतो. पण बघा, त्या तमाशासारख्या स्पर्धेतसुद्धा समोर निशाणा ठेवलेला होता, नुसता वेग मोजला नव्हता! आणि निवडल्यावर त्यांना कुणी मोठ्या मैदानात ढकललं नाही. अगदी तळाच्या लीगमध्ये जुलै २००९ पासून सुरुवात. दिनेश २०१० च्या अखेरीस परत आला. रिंकू टिकला, २०१२ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या संघाकडून ३९ सामने खेळला, आणि नंतर दुखापतींनी त्याची कारकीर्द खाल्ली. म्हणजे इतकी काळजी घेऊनही शरीर साथ देईलच याची खात्री नाही. मग आपण काहीच काळजी घेत नाही, तेव्हा काय होत असेल?

काय होतं ते मी पाहिलंय. गावाचं आणि पोराचं नाव लिहीत नाही. आमच्या भागातल्या टेनिसच्या स्पर्धांत मी बरीच वर्षं पंचगिरी करतो, तिथे हा पोरगा दोन षटकं टाकायचा आणि सामना संपवायचा. शेतमजुराचा मुलगा. एका चाचणीत त्याने सहापैकी तीन चेंडू नेटच्या बाजूच्या जाळीत मारले, पण जोर एवढा की बसलेले सगळे उभे राहिले. निवड झाली. त्याच्याच मागे उभा असलेला दुसरा पोरगा, ज्याने सहापैकी पाच चेंडू एका जागी टाकले, त्याला "थँक यू" म्हणून वाटेला लावलं. पुढच्या महिन्यात पहिल्या पोराला शिबिरात रोज लेदर बॉलनं टाकायला लावलं, सकाळ-संध्याकाळ. जेमतेम तीन आठवड्यांत त्याची कंबर गेली. घरी आला तेव्हा सरळ बसता येत नव्हतं. मी विचारलं, दुखत होतं तर सांगितलं का नाहीस? म्हणाला, "काय सांगू काका, सायबानं सांगतलं का जोरातच टाक, जोर कमी झाला का घरी जा."

हे वाक्य मी विसरू शकत नाही. वेगावर निवडलेल्या पोराकडे वेग सोडून दुसरं भांडवलच नसतं, म्हणून तो दुखणं लपवतो. आणि दुसरा पोरगा? त्याने लेदर बॉल सोडला. सध्या एका कृषी केंद्रात कामाला आहे. एका चाचणीत आपण दोन पोरं घालवली, एक निवडून आणि एक न निवडून!

यात शरीरशास्त्र काही अवघड नाही. टेनिसचा चेंडू साधारण ५८ ग्रॅमचा. आपल्याकडचा जड टेनिस बॉल त्याहून जड असतो, पण लेदर बॉलइतका नाही. लेदर बॉल १५६ ते १६३ ग्रॅमचा. दोन षटकांची सवय असलेल्या पोराच्या खांद्यावर आणि कमरेवर अचानक एवढं वजन, एवढी षटकं. वाढीच्या वयातल्या वेगवान गोलंदाजांच्या कमरेच्या मणक्याला बारीक तडे जाणं ही जगभर माहीत असलेली गोष्ट आहे. म्हणून तर इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने वयोगटाप्रमाणे षटकांच्या मर्यादा घातल्या, अमेरिकेत पोरांच्या बेसबॉलमध्ये चेंडू मोजायला लागले. आणि हे फक्त गरीब खेड्यातल्या पोरांचंच दुखणं आहे असंही नाही. मयंक यादव आठवतो? २०२४ च्या आयपीएलमध्ये ताशी १५६.७ किलोमीटर! देश वेडा झाला. चार सामन्यांत मोसम संपला. ऑक्टोबरात भारताकडून तीन टी-२० खेळला, पुन्हा पाठ धरली, आणि २०२५ च्या आयपीएलमध्ये दोनच सामने. ज्याच्यामागे फिजिओंची फौज उभी आहे त्याची ही गत.

कुणी म्हणेल, की मग काय सगळे बापू नाडकर्णी निवडायचे? धावा देत नाहीत आणि बळीही घेत नाहीत असे? प्रश्न रास्त आहे. १९६४ च्या जानेवारीत मद्रासला इंग्लंडविरुद्ध नाडकर्णींनी ३२ षटकांत २७ निर्धाव टाकून ५ धावा दिल्या, लागोपाठ २१ षटकं निर्धाव, आणि बळी शून्य. पण ही गोष्ट सांगणारे पुढची सांगत नाहीत. त्याच वर्षी ऑक्टोबरात, त्याच मद्रासला, त्याच नाडकर्णींनी ऑस्ट्रेलियाचे एका कसोटीत ११ बळी घेतले. नाशिकचा हा माणूस सरावाला खेळपट्टीवर नाणं ठेवून त्यावर चेंडू टाकायचा असं सांगतात. नियंत्रण म्हणजे भित्रेपणा नव्हे. जिथे टाकायचाय तिथे टाकता येणं म्हणजे नियंत्रण. मग तिथे टाकून धावा रोखायच्या की बळी घ्यायचा हे ठरवता येतं. ज्याला टाकताच येत नाही तो काय ठरवणार?

आणि हो, मला वेगाचं वावडं नाही. झहीर खान श्रीरामपूरहून आला तेव्हा जोरात टाकायचा म्हणूनच आपल्याला आवडला. पण तो मोठा झाला तो वेग थोडा कमी करून, चेंडू कुठून आणि कसा वळवायचा हे शिकल्यावर. २०११ चा विश्वचषक त्याने वेगावर जिंकून दिला असं कुणी म्हणेल का?

नुसती टीका करून थांबत नाही. जे करता येण्याजोगं आहे ते सांगतो, आणि याला एक रुपया जास्त लागत नाही.

पहिलं, चाचणी एका दिवसात उरकू नका. पहिल्या दिवशी गर्दी कमी करा, हरकत नाही, पण उरलेल्यांना दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा टाकायला लावा. तिसऱ्या दिवशी सकाळी कोण कसा चालत येतो, एवढं पाहिलं तरी तयारी कळते.

दुसरं, खेळपट्टीवर चुन्यानं एक चौकोन आखा आणि त्यात किती चेंडू पडले ते मोजा. पहिल्या षटकातले वेगळे, चौथ्या षटकातले वेगळे. दोन आकड्यांमधला फरक हीच त्या पोराची खरी गुणपत्रिका.

तिसरं, समोर फलंदाज उभा करा आणि त्याला मारायची मोकळीक द्या. चौकार बसल्यावर पुढचा चेंडू कुठे पडतो ते बघा. जो लाल होऊन आखूड आपटतो तो एक, आणि जो परत चौकोनात टाकतो तो दुसरा.

चौथं, कीपरला विचारा. आणि पाचवं, पोराला विचारा : शेवटचं कधी खेळलास, किती षटकं टाकलीस, कुठे दुखतंय का? आणि दुखतंय म्हणाला तर त्याला घरी पाठवू नका, पुढच्या महिन्यात परत बोलवा. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. पोराला खरं बोलायची शिक्षा होत असेल तर तो खोटंच बोलणार.

स्पीड गन ठेवा हवी तर. पण ती शेवटी काढा, सगळं बघून झाल्यावर. निर्णय झाल्यानंतर.

यावर "वेळ कुठे आहे, एवढी पोरं असतात" हे उत्तर येणार, मला ठाऊक आहे. पण ती पोरं तीनशे किलोमीटरवरच्या नागपूरचं स्वप्न बघत उसने पैसे काढून येतात. कुणाच्या बापाने एक दिवसाची मजुरी बुडवलेली असते, कुणी बुटांसाठी कापसाच्या पैशातून उचल घेतलेली असते. त्यांच्याकडून आपण वर्ष-दोन वर्षांची मेहनत मागतो आणि त्यांना देतो काय, तर सहा चेंडू. वेळ नाही हे खरं नाही. त्यांच्यासाठी वेळ काढावा असं वाटत नाही, हे खरं आहे.

गेल्या काही वर्षांत विदर्भाने तीनदा रणजी जिंकली, २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५. हे आकड्याच्या मागे धावून झालेलं नाही. शिस्तीनं, एका जागी, थकेपर्यंत आणि थकल्यावरही टाकणाऱ्यांनी ते केलंय. वरच्या पातळीवर जे कळलंय ते तालुक्याच्या मैदानापर्यंत यायला आणखी किती वर्षं लागणार?

तोवर निदान आपण तरी प्रश्न बदलूया. पुढच्या वेळी कुणी म्हणालं, की आमच्या गावात एक पोरगा फार भारी बॉलिंग टाकतो, तर विचारा : "दहाव्या षटकात कुठे टाकतो?"